भिंतीवरचा एक हिरवा चौकोन

भिंतीवरचे सगळे चौकोन एकदम पिवळे झाले आणि खालच्या मजल्यावरून एक आवाज आला. कितीतरी माणसांनी एकाच वेळी खुर्चीत मागे सरकताना काढावा तसा एक लांबट 'अरे'. माझं बोट अजून माउसवरच होतं. मी एका मशीनवरचं अक्षर मोठं करायला गेले होते, एकाच, आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या कंपनीचं अक्षर मोठं होत होतं. पिवळे चौकोन वरच्या ओळीपासून निळे होत खाली उतरत होते, म्हणजे त्या त्या टेबलापर्यंत माझा हुकूम पोचत होता, तिथला पडदा तो ऐकत होता, आणि ऐकला म्हणून उलट सांगतही होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच. भीती वाटलीच, पण जरा उशिराने. त्याआधी जे वाटलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. मला वाटलं, किती सुंदर आहे हे! एवढी मोठी इमारत, एवढे मजले, एवढी दारं, आणि एका बोटाखाली तिने एकदम श्वास घेतला. मी आ वासून बघत राहिले.

मग तो दिसला. सगळ्या निळ्यात एकच चौकोन हिरवा होता. पिवळासुद्धा झाला नव्हता. आजूबाजूला एवढा गलबला चाललेला आणि हा आपला ढिम्म. तो दादाचा होता, माझ्या थोरल्या भावाचा. ज्या एका मशीनसाठी मी ही सगळी उठाठेव केली, नेमकं तेच तेवढं जागचं हललं नव्हतं. आणि माझ्या मागे मोठ्या मॅडम उभ्या होत्या, कंपनीच्या सर्वेसर्वा, हातात चहाचा कप घेऊन. त्या म्हणाल्या, "अहो, हा एक का हिरवा?"

आमची कंपनी जमिनीच्या हद्दींचे नकाशे काढते. कुणाचं कुंपण कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं, हे पडद्यावर केसाएवढ्या रेघेने दाखवायचं आणि त्या रेघेवर मग माणसं भिंती बांधतात, भांडतात, कोर्टात जातात. खाली दोन मजले भरून रेघा ओढणारी माणसं बसतात आणि त्यांची सगळी मशीनं लिनक्सवर चालतात, ज्या प्रणालीची खूण पेंग्विन आहे. मी त्या मशीनांची बाई. खाली मला पेंग्विनबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि माझी चाल तशी आहे असं वर सांगतात. ही भिंत येण्याआधी माझं काम पायांनी चालायचं. कुणाचा पडदा गोठला, कुणाचा प्रिंटर सापडेना, की जिना उतरायचा, त्या खुर्चीत बसायचं, हुकूम लिहायची काळी खिडकी उघडायची आणि अक्षरं बडवायची. नवी गोष्ट सगळ्यांना द्यायची तर टेबलामागून टेबल. काळ्या खिडकीत बसून दुरूनही करता यायचं, पण ते अंधारात हात घालून डबा शोधण्यासारखं. डबा सापडायचा, पण त्यात काय आहे ते उघडल्यावर कळायचं. पण त्या फिरण्यात मला माणसं कळली. कोण कळफलकावर नखं वाजवतं, कुणाच्या फटीत बिस्किटाचा चुरा असतो, कुणी पडद्याच्या कडेला मुलीचा फोटो चिकटवून त्यामागे परवलीचा शब्द लिहून ठेवलाय, सगळं ठाऊक. मग मॅडमनी हट्टाने ही भिंत आणवली. भिंत म्हणजे मोठा पडदा. डावीकडे एक झाड, खोडावर कंपनी, खोडाला मजले, मजल्यांना खोल्या, खोल्यांना मशीनं. आणि उजवीकडे तीच मशीनं चौकोन होऊन बसलेली. जिथे हवं तिथे बोट ठेवायचं, त्या फांदीला एखादी गोष्ट अडकवायची, 'लागू करा' दाबायचं. फांदीला अडकवलं की फांदीखालच्या सगळ्यांना मिळतं. खोडाला अडकवलं की काही विचारायलाच नको. रेघोट्या म्हणून खाली एक तरुण नकाशेवाला आहे, तो मला जिन्यात गाठून म्हणाला होता, "म्हणजे आता उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणा की!" मी म्हटलं, "हो, आणि तुझं शेपूट वरून बरोब्बर दिसतं मला."

पण खरं सांगायचं तर त्या भिंतीने मला वेडं केलं होतं. सकाळी मी लवकर येऊन बसायची ते केवळ चौकोन उजळताना बघायला. आधी सगळे राखाडी. मग कुठेतरी कोपऱ्यात एक हिरवा, मग त्याच्या शेजारचा, मग एखादी ओळच्या ओळ. म्हणजे आताच लिफ्ट वर आली असणार, माणसं छत्र्या, डबे टाकून बसली असणार. एका चौकोनामागे एक माणूस, त्याच्या मागे घर, रात्रीचं जागरण, दुखणारा गुडघा. हे सगळं मला टेबलाटेबलाने माहीत होतं, पण सगळं मिळून एकदम कधी दिसलं नव्हतं. ज्या गल्लीत जन्म काढला ती पहिल्यांदा गच्चीवरून बघावी, तसं झालं. कधीकधी मी उगीचच हात जोडावेत अशा मनाने बघत बसायची. मी तशी हात जोडणाऱ्यांतली नव्हे.

दादाचा चौकोन खालून दुसऱ्या ओळीत, अगदी कडेला. तो शेवटचा तपासनीस. सगळ्यांनी रेघा ओढून झाल्या की नकाशा त्याच्याकडे जातो, तो बघतो, आणि त्याने मान्य केला की बाहेर पडतो. त्याच्यानंतर कुणी बघत नाही. आमचे आईवडील लवकर गेले. दादाने मला वाढवलं असं सगळे म्हणतात. वहिनी घरात येईपर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांना कसंबसं मोठं केलं हे जास्त खरं. मला इथे त्यानेच चिकटवलं. कंपनीत सगळेच त्याला दादा म्हणतात, मॅडमसुद्धा, कारण मॅडम शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा रेघ कशी बघायची ते त्यांना दादानेच शिकवलं होतं. त्या शेवटच्या खुर्चीवर त्याच्याआधी तात्या होते. तात्यांची नजर उतरली तेव्हा त्यांना तळघरात पाठवलं, जुन्या कागदी नकाशांच्या भेंडोळ्यांमध्ये. पगार तोच, मान तोच, असं सगळे म्हणाले. तात्या काही महिने भेंडोळ्यांवरची धूळ पुसत बसले आणि एक दिवस यायचेच थांबले. दादा त्यांना घरी भेटायला जाऊन आला आणि नुसतं एवढंच म्हणाला, "माणूस हसतो, पण ऐकत नाही." त्यानंतर त्याने तात्यांचं नाव काढलं नाही.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेले होते. वहिनी आत होती, आम्ही दोघं बाल्कनीत. त्याने किटली उचलली आणि माझ्याशी बोलता बोलता चहा कपाच्या शेजारी ओतला. थेंब सांडला असं नव्हे. सरळ धार, बशीच्याही बाहेर, टेबलावर. तो ओतत राहिला. मी हात पुढे करून कप त्या धारेखाली सरकवला, तेव्हा टपटप आवाज बदलला आणि तो थांबला. "सरकला वाटतं कप," तो म्हणाला. मी म्हटलं, "टेबलच उतरतं आहे तुमचं." फडकं आणायला आत गेले तर वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी. ती वळली नाही. म्हणाली, "तू काही विचारू नकोस हं त्याला. मीही विचारत नाही." मग फडकं पिळत म्हणाली, "विचारलं की खरं होतं." मी घरी आले आणि रात्रभर नुसती कूस बदलत राहिले. एकीकडे माझा भाऊ, दुसरीकडे ती केसाएवढी रेघ. त्याची नजर चुकली आणि कुणाची भिंत हातभर सरकली तर? कुणाच्या तरी अंगणाचा तुकडा कापला गेला तर? आणि हे मी कुणाला सांगितलं तर तो तळघरात. नाही सांगितलं तर मी कोण? रविवारपासून हे माझ्या डोक्यात गरगरत होतं, आणि आज सकाळी भिंतीसमोर बसल्यावर मला वाटलं, निदान एवढं तर करता येईल. त्याच्या मशीनवरचं अक्षर आणि रेघ मोठी करून द्यावी. गुपचूप. त्यालाही कळू नये कुणी केलं. एक घर वाढवणार होते, मग म्हटलं द्यायचं तर नीट द्यावं, आणि सगळ्यात मोठं निवडलं. त्यापुढे यंत्रात मोठं नाहीच.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. दाराशीच म्हणाल्या, "दाखवा बघू तुमची भिंत, आज मी निवांत आहे." डावीकडच्या झाडावर दादाच्या मशीनचं नाव ठळक झालेलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी घाईने फांदी मिटली, ती मिटली म्हणून तिच्यावरची मिटली, आणि शेवटी झाडाचं नुसतं खोड उरलं, नीटनेटकं. मॅडम म्हणाल्या, "काही चाललं होतं का? करा, करा. मलाही बघू दे कसं करता ते." आणि मी दाबलं. या भिंतीची एक खोड आहे, जी मला स्वतःला पक्की ठाऊक होती: फांदी मिटली की तिच्या पोटातली निवड पुसली जात नाही, वरच्या फांदीवर चढते. वर, आणखी वर, खोडावर. मी लपवायला फांद्या मिटत गेले आणि दादाला द्यायचं ते एकेक पायरी वर चढवत खोडाला लावून बसले. लपवलं नसतं तर काही झालं नसतं.

"अहो, हा एक का हिरवा?" मॅडमनी पुन्हा विचारलं. मला उत्तर माहीत होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण कळणं आणि अंगात भिनणं यात थोडं अंतर असतं. चौकोन निळा होत नाही तो दोन कारणांनी. एक, मशीन ऐकत नाही. तसं असतं तर तो लाल झाला असता. दुसरं, जे द्यायला आलात ते माझ्याकडे आधीच आहे. तेवढंच, तंतोतंत. म्हणजे दादा आधीपासूनच सगळ्यात मोठ्या अक्षरावर होता. मी मोठ्या मनाने जे त्याला द्यायला निघाले होते, ते त्याने कधीच, माझ्याआधी, मला न सांगता, काठावर जाऊन घेतलं होतं. त्याच्या पुढे काही नव्हतं. त्याने टेबल कोपऱ्यात हलवून पाठ भिंतीला लावली होती ती 'खिडकीचा उजेड लागतो' म्हणून. उजेड कसला, पडदा कुणाला दिसू नये म्हणून. मी मशीनांची बाई, त्याची बहीण, आणि मी त्याला खुर्ची ओढायला मदत केली होती.

"बिघडलंय का ते?" मॅडम म्हणाल्या, "उघडा ना तो चौकोन. बघू कोणाचं आहे." उघडला असता तर नाव आलं असतं, आणि नावाखाली अक्षराचं माप. मी म्हटलं, "जुनं मशीन आहे ते, जरा वेळ घेतं." माझाच आवाज मला परका वाटला. नशिबाने टेबलावरचा फोन वाजला आणि तो मॅडमनीच उचलला, चहाचा कप तसाच धरून. पलीकडून आकडेवाली मावशी बोलत होती. नकाशावर प्लॉटचे आकडे घालते ती. दबक्या आवाजात, पण शांत खोलीत मला सगळं ऐकू आलं. "ए बाई, तूच केलंस ना हे? काय छान दिसतंय गं! राहू दे आजचा दिवस. आणि मोठ्या मॅडमना कळू देऊ नकोस हं, नाहीतर लगेच परत बारीक करायला लावेल, तिचं काय जातंय, तिचे डोळे घारीचे." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. तो ठेवताच पुन्हा वाजला. हा हिशेबातल्या काकांचा. मग आणखी एक. सगळे कुजबुजत होते. सगळ्यांना वाटत होतं आपल्याला एकट्यालाच हे हवं आहे आणि ते कुणाला कळता कामा नये. मॅडम प्रत्येकाला "बरं" म्हणत गेल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. गर्दीत कुणीतरी आपलंच बोलणं बोलताना ऐकू यावं तसा. मग त्या म्हणाल्या, "चला, खाली जाऊन बघू," आणि निघाल्यासुद्धा.

जिना उतरताना मला जरा धीर आला, कारण एक गोष्ट लक्षात आली. भिंतीवर दादा एकटा हिरवा होता, पण खाली? खाली सगळ्यांचं अक्षर मोठं झालं होतं. त्याचं होतंच. म्हणजे आत्ता या क्षणी, माझ्या गाढवपणामुळे का होईना, तो सगळ्यांसारखा होता. त्याच्या पडद्याकडे कुणीही बघितलं तरी काही कळणार नव्हतं. मी मनात म्हटलं, देवा, राहू दे थोडा वेळ असंच. मजल्यावर शिरलो तर जत्रा सुटल्यासारखं वातावरण. एरवी तिथे माना पडद्यात खुपसलेल्या असतात. आज सगळे मागे टेकून बसले होते, खांदे खाली सोडून. एवढे खांदे एकदम खाली आलेले मी कधी पाहिले नव्हते. पडद्यांवर मोजकी, पसरट अक्षरं, बोटाएवढ्या रेघा. मॅडम चालत होत्या तसतसं पुटपुटणं थांबत होतं. त्यांच्या टाचांचा टकटक आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. आम्ही भिंतीच्या कडेने कोपऱ्याकडे वळलो, आणि मी दादाचा डावा हात पाहिला. तो मान न हलवता पडद्याकडे बघत होता, पण कान आमच्याकडे होता. टकटक जवळ आली तशी त्याची दोन बोटं कळफलकावर गेली, सवयीने, न बघता, आणि त्याच्या पडद्यावरचं सगळं झरझर आक्रसून बारीक झालं.

तेव्हा कळलं मला. कुणी जवळ आलं की तो 'कोण?' म्हणून विचारायचा, ते काय होतं. पावलं ऐकायची, अक्षर लहान करायचं, माणूस जाईपर्यंत न दिसणाऱ्या पडद्याकडे दिसतंय तसं बघत राहायचं, पावलं लांब गेली की पुन्हा मोठं. रोज. दिवसातून कितीदा. आणि आज सगळ्या मजल्यावर लोक हसत होते, 'अरे' म्हणत होते, तेव्हा त्याच्या पडद्यावर काहीच बदललं नव्हतं, म्हणून काय झालंय ते त्याला कळलंच नव्हतं. शेजाऱ्यांचे पडदे त्याला दिसत नव्हते. मी ओरडणार होते, पण काय ओरडणार? मोठ्या अक्षरांच्या त्या सबंध मजल्यावर आता एकच पडदा बारीक होता.

मॅडम त्याच्यामागे थांबल्या. कोपऱ्यात, भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या फटीत वाकून त्यांनी बघितलं. "दादा," त्या म्हणाल्या, "तुमचं तेवढं लहान कसं?"

दादा हसला. "लहानच असतं की मॅडम. नेहमीसारखं."

रेघोट्या शेजारीच बसतो; तो एरवी कुणाची खिल्ली सोडत नाही. तो उठून दादाच्या खुर्चीशी आला आणि अगदी हळू, घरातल्यासारखा म्हणाला, "दादा, आज सगळ्यांचं मोठं झालंय. मघाशी. एकदम." दादाचा चेहरा मला बाजूने दिसत होता. हसू तसंच राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. मग त्याने मान वळवली आणि बरोबर मी उभी होते तिकडे बघितलं. मी अवाक्षर काढलं नव्हतं. माझी पावलं त्याने मघाशीच ओळखली असणार. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी जिथे असेन तिथे, आणि मला वाटलं आता तो काहीतरी जुळवून बोलेल, आणि ते खरं करायला मला मान हलवावी लागेल, आणि मी ती हलवीन. मी तयार होते. त्याने पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. दोन बोटं कळफलकावर ठेवली. पडद्यावरचं सगळं वाढत गेलं, एकेक घर, थांबत थांबत, शेवटच्या घरापर्यंत.

"माझं असं असतं," तो म्हणाला. "वर्ष झालं. जास्तच." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "एवढं असलं की दिसतं मला. रेघ चुकलेली नाही अजून. पण हे सांगायला हवं होतं."

मॅडम वाकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या नाहीत. तिथेच, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, पडद्यावरच्या त्या जाड रेघेकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "दादा, मला शिकवलंत तेव्हा काय सांगायचात? रेघेची शंका आली तर?"

"दुसऱ्याला दाखवावी," दादा म्हणाला.

"मग तसंच. आजपासून तुमच्यानंतर हा बघेल." त्यांनी रेघोट्याच्या पाठीवर थाप मारली; तो दचकला. "दोघांनी मान्य केल्याशिवाय नकाशा बाहेर जायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्या जायचं, ती कंपनीची सोय. खुर्ची इथेच. पुढचं पुढे." आवाजात गोडवा वगैरे काही नव्हता, नेहमीसारख्याच हुकूम सोडल्यागत बोलल्या. दादाने मान हलवली. त्याला बोचलं, हे मला दिसलं. ज्याच्यानंतर कुणी बघत नव्हतं त्याच्यानंतर आता कुणीतरी बघणार होतं. आणि त्याच वेळी त्याचे खांदे खाली आले, मघाशी बाकीच्यांचे आले होते तसे. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. खोडाला लावून ठेवलंय ते काढा. ज्याला हवं त्याला त्याचं त्याने निवडू दे. लपून फोन नकोत."

मी वर निघाले तसा दादाही उठला. म्हणाला, "थांब, मी येतो. तुझी ती भिंत बघायचीय मला." जिन्यात त्याने कठडा धरला नाही, माझा दंड धरला. मी म्हटलं, "रविवारी टेबल उतरतं म्हणाले ते..." तो म्हणाला, "उतरतं थोडं. वहिनीलाही सांगू आता." एवढंच आम्ही बोललो.

भिंतीसमोर आल्यावर तो पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याचं नाक निळं झालं. "हे सगळे आपले?" त्याने विचारलं. "सगळे," मी म्हटलं. या वेळी फांद्या नीट उघड्या ठेवून, नाव वाचून, पुन्हा वाचून, मी खोडाला लावलेलं माप काढलं आणि प्रत्येकाच्या पडद्यावर एक साधा प्रश्न पाठवला: एवढंच राहू दे, की पूर्वीसारखं? मग हात मांडीवर घेऊन बसले. निळ्या भिंतीत कुठेतरी एक चौकोन हिरवा झाला, पूर्वीसारखा. मग आणखी एक. तिसऱ्या मजल्यावर चारपाच तरुण एकदमच गेले. मी दादाला सांगत होते, हा गेला, तो गेला, आणि तो मान हलवत होता. मग हिरवं होणं मंदावलं. मी थांबून राहिले. अजून कुणी जाईल म्हणून बघत राहिले. थांबलंच ते. भिंतीवर एवढं निळं उरलं होतं की मला ती आधी चूकच वाटली; मी पुन्हा विचारणा केली, आणि प्रत्येक चौकोनाने पुन्हा तेच उलट सांगितलं. ही सगळी माणसं रोज माझ्यासमोर माना खुपसून बसत होती. टेबलाटेबलाने फिरले होते मी त्यांच्यात, चुरा माहीत होता, फोटो माहीत होते, आणि हे एवढं मोठं मला दिसलं नव्हतं.

"थांबलं?" दादाने विचारलं.

"थांबलं."

"किती राहिले?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"दादा, बरेच रे."

तो काचेवर तळहात ठेवून उभा होता. जरा वेळाने म्हणाला, "आणि यात मी कुठे?"

मी दाखवायला बोट पुढे केलं. खालून दुसरी ओळ, अगदी कडेला. मघाशी बारीक करून पुन्हा वाढवलं तेव्हा त्याचाही चौकोन सगळ्यांसारखा निळा झाला असणार. पण त्याच्या डावीकडे निळं होतं, वर निळं, खालीही निळं, आणि एवढ्या निळ्यात तो मला पटकन सापडेना.